ग्रीनपासून मागे मोजा: नवख्या गोल्फरने एकेक होल कसा खेळावा

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉल बरे लागायला लागले की बहुतेक नवखे थेट कोर्सवर उतरतात. तिथे पहिल्या तीन होलमध्येच कळतं की फटका मारता येणं आणि होल खेळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेंजवर बॉल कुठेही गेला तरी पुढचा बॉल सपाट मॅटवरूनच मारायचा असतो. कोर्सवर मात्र प्रत्येक फटका पुढच्या फटक्याची जागा ठरवतो. त्यामुळे टीवर, म्हणजे होल सुरू होतो त्या जागी, उभं राहून पुढे बघण्याआधी ग्रीनवर, म्हणजे होलच्या शेवटच्या खळीभोवतीच्या बारीक गवतावर, जाऊन मागे बघायला शिकावं लागतं. ग्रीनवर शेवटचा फटका कुठून सोपा पडेल, त्या जागी पोचायला आधीचा फटका किती हवा, आणि मग टीवरून कोणता क्लब (काठी). विचाराची हीच दिशा खालच्या प्रत्येक होलमध्ये आहे.

मुंबईत ही दिशा जास्तच उपयोगी पडते. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवजवळचं विलिंग्डन, कुलाब्याचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब, खाडीपलीकडे खारघरचं सिडकोचं कोर्स अशी मोजकीच ठिकाणं आहेत. शहरातल्या कोर्सभोवती वस्ती दाटली आहे, कोर्सला मात्र पसरायला जागा नाही. अशा जमिनीवर फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे, एकमेकांना चिकटून असतात, कुंपण जवळ येतं आणि पांढरे खांब, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स, सारखे आडवे येतात. इथे लांब मारणाऱ्यापेक्षा बॉल खेळात ठेवणाऱ्याचं कार्ड चांगलं दिसतं.

आधी स्वतःची अंतरं

एका सकाळी रेंजवर जाऊन प्रत्येक क्लबने २० बॉल मारा. सगळ्यात लांब गेलेले ५ आणि सगळ्यात जवळ पडलेले ५ सोडून द्या. उरलेल्या १० बॉलची सरासरी हे तुमचं खरं अंतर. एकदा कधीतरी सात नंबर आयर्न १५० यार्ड गेलं होतं, तो आकडा डोक्यातून काढून टाका. त्या आकड्यावर भरवसा ठेवूनच बॉल तळ्यात जातात.

या लेखात पुढची अंतरं धरली आहेत, सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबपासून सगळ्यात जवळ मारणाऱ्यापर्यंत: ड्रायव्हर १८० यार्ड, हायब्रिड १५०, सात नंबर १२०, आठ नंबर ११०, नऊ नंबर १००, पिचिंग वेज ८०, सँड वेज ६०. तुमचे आकडे वेगळे असतील, बऱ्याच जणांचे कमीही असतील. रीत तीच राहते, बेरीज तुमच्या आकड्यांनी करायची.

प्रत्येक क्लबचे दोन आकडे हवेत: हवेतून किती गेला, आणि पडल्यावर किती घरंगळला. मे महिन्यात कडक फेअरवेवर ड्रायव्हरचा बॉल २०-२५ यार्ड सहज घरंगळतो. जुलैत तोच बॉल पडल्या जागी रुततो. पावसाळ्यात दमट हवा जड असते म्हणून बॉल कमी जातो असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. अंतर घटतं ते बॉल घरंगळत नाही म्हणून आणि घामाने ग्रिप निसटते म्हणून. बॅगेत दोन ग्लव्ह आणि एक कोरडा नॅपकिन ठेवा. क्लबची संख्या मात्र १४ च्या वर जाऊ देऊ नका, तो नियम आहे. नवख्याला तर ८-९ क्लब पुरेसे होतात.

कार्डावरची तिसरी ओळ

स्कोअरकार्डवर होलचं अंतर आणि पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) सगळे बघतात. त्याखाली स्ट्रोक इंडेक्स असतो, १ ते १८. हँडिकॅपचे, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचे, फटके कोणत्या होलवर मिळणार ते त्यावरून ठरतं, आणि १ नंबर साधारण सगळ्यात अवघड होलला असतो. समजा तुमचा कोर्स हँडिकॅप २८ आहे. मग प्रत्येक होलवर एक फटका जादा मिळतो आणि १ ते १० इंडेक्सच्या होलवर दोन. पहिला टी मारायच्या आधी पेन्सिलने प्रत्येक होलपुढे ‘स्वतःचा पार’ लिहून ठेवा: पार ४, इंडेक्स १, तर तुमचा पार ६. हा आकडा समोर असला की चौथ्या फटक्यालाही ग्रीन आलं नाही म्हणून जीव घाबरा होत नाही आणि पुढचा फटका धसमुसळा पडत नाही.

आता नऊ होल घेऊ. हे कोर्स कोणत्याही एका क्लबचं नाही. मुंबईत ज्या प्रकारचे होल भेटतात ते एका ओळीत मांडले आहेत. पार ३६, एकूण २,९३५ यार्ड.

पहिला: पार ४, ३४० यार्ड, उजवीकडे भिंत

सकाळचे साडेसहा, अंग आखडलेलं, मागे पुढचा चौकडा (चौघांचा गट) उभा. अशा वेळी ड्रायव्हर काढणं हीच पहिली चूक. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा बॉल बहुधा उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस होतो. इथे उजवीकडे भिंत आणि पांढरे खांब. खांबापलीकडे गेलेल्या बॉलची किंमत दोन फटके: एक दंड, आणि पुन्हा त्याच जागेवरून मारायचं.

मागे मोजा. ग्रीनवर ८० यार्डांवरून पिचिंग वेज मारायचं आहे. त्याआधी ११०, आठ नंबर. उरले १५०, हायब्रिड. झाले ३४०. तीन फटक्यांत ग्रीन, दोन पट (ग्रीनवर पटरने मारायचे फटके), एकूण पाच. एकही फटका तुमच्या ताकदीबाहेरचा नाही.

टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, लावायची जागाही निवडता येते. भिंत उजवीकडे आहे म्हणून टी उजव्या मार्करजवळ (टीच्या जागेची हद्द दाखवणारी खूण) लावा आणि फेअरवेच्या डाव्या भागाकडे नेम धरा. तिथून बॉल उजवीकडे वळला तरी मधे येतो. नवखे भिंतीपासून पळायला डाव्या मार्करजवळ टी लावतात आणि त्यामुळे नेम आपोआप भिंतीकडे होतो. दोन मार्करच्या ओळीपुढे टी लावू नका. मागे दोन क्लबांच्या लांबीपर्यंत चालते.

बॉल भिंतीकडे गेला आणि आत आहे की बाहेर ते कळलं नाही, तर चालायला लागण्याआधी ‘प्रोव्हिजनल (तात्पुरता बॉल) मारतोय’ असं सोबत्यांना स्पष्ट सांगा आणि दुसरा बॉल मारा. न सांगता मारलात तर तोच बॉल खेळातला ठरतो. शोधायला ३ मिनिटं मिळतात, त्यानंतर बॉल हरवला असं धरतात. काही क्लब रोजच्या खेळासाठी स्थानिक नियम लावतात: मागे न जाता, बॉल हरवला तिथल्या बाजूच्या फेअरवेवर दोन फटक्यांच्या दंडाने ड्रॉप, म्हणजे बॉल हाताने सोडून तिथून खेळायचं. हा नियम आहे का, ते कार्डाच्या मागे किंवा नोटीस बोर्डवर आधीच वाचून ठेवा.

आणि बॉल शेजारच्या फेअरवेकडे निघाला तर लाज न बाळगता मोठ्याने ‘फोर!’ ओरडा. मुंबईच्या कोर्सवर शेजारच्या फेअरवेवर माणसं असतातच. ओरडायला लागणाऱ्या त्या एका क्षणाने कुणाचं तरी डोकं वाचतं.

दुसरा: पार ३, १४५ यार्ड, मधे तळं

कार्डावरचं अंतर साधारण ग्रीनच्या मध्यापर्यंत मोजलेलं असतं. पिन, म्हणजे होलमधला झेंडा, आज पुढे असेल तर ते १३५ होतं आणि मोह होतो सात नंबर जरा जोरात मारायचा. जोरात मारलेल्या फटक्यात बॉलच्या आधी जमीन लागते किंवा बॉलच्या वरच्या भागाला क्लब लागतो. दोन्हीचा शेवट पाण्यात.

इथे पिन बघूच नका. ग्रीनच्या मध्याला लागेल तो क्लब घ्या, म्हणजे हायब्रिड, आणि स्विंग नेहमीच्याच चालीने करा. बॉल ग्रीनच्या मागे गेला तर तिथून चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, करता येते. पुढे कमी पडला तर दंड.

तळ्यात गेलाच, तर खांबाचा रंग बघा. पिवळे खांब असतील तर दोन पर्याय, दोन्हींना एक फटका दंड: पुन्हा टीवरून मारा, किंवा बॉलने पाण्याची कड जिथे शेवटी ओलांडली ती जागा आणि पिन यांच्या सरळ रेषेत मागे हवं तितकं जाऊन ड्रॉप करा. लाल खांब असतील तर तिसरा पर्यायही मिळतो: कड ओलांडल्या जागेपासून दोन क्लबांच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. खांद्यावरून सोडायची जुनी पद्धत २०१९ मध्ये गेली, तरी अजून काही जण तसंच सांगतात.

मागे जायचा पर्याय निवडताना तळ्याच्या काठावर नका थांबू. काठावरून ५० यार्डांचा अर्धा फटका मारण्यापेक्षा ८० यार्डांवर मागे जाऊन पूर्ण वेज मारणं नवख्याला सोपं जातं. अंतर वाढलं, पण फटका ओळखीचा झाला.

तिसरा: पार ५, ४९० यार्ड

लांब होल आला की हातात आपोआप सगळ्यात लांब क्लब येतो, आणि पुन्हा येतो, आणि पुन्हा. नवख्यांच्या कार्डावरचे नऊ आणि दहा याच होलवर जमा होतात.

ड्रायव्हर १८०, उरले ३१०. हायब्रिड १५०, उरले १६०. इथे बहुतेकांना वाटतं, सात नंबरने जमेल तितकं पुढे जाऊ. १२० गेलात की ४० यार्ड उरतात. ४० यार्डांचा फटका म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी स्विंग. बॉल मधेच सोडून द्यावा की जपून ढकलावा ते हाताला कळत नाही, आणि क्लब बॉलच्या मागे जमिनीत घुसतो. त्यापेक्षा १६० चे सरळ दोन भाग करा: ८० आणि ८०, दोन्ही पिचिंग वेज, दोन्ही पूर्ण स्विंग. चौथ्या फटक्याला ग्रीन, दोन पट, सहा.

दुसरा फटका रफमधून, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतातून, मारावा लागला तर हायब्रिडचा हट्ट सोडा. पावसाळ्यात रफ घोट्यापर्यंत वाढतं, ओलं असतं, आणि गवत क्लबच्या मानेला गुंडाळून त्याचं तोंड डावीकडे फिरवतं. बॉल अर्धा दिसत असेल तर नऊ नंबर घ्या, ग्रिप जरा घट्ट धरा आणि फेअरवेवर परत या. तसं केल्याने एकच फटका जातो. हायब्रिड घेतलं तर पुढच्या फटक्यालाही रफमध्येच उभं राहावं लागतं.

चौथा: पार ४, ३६५ यार्ड, उजवीकडे वळण

वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर झाडं आहेत. कोपरा टीपासून १७० यार्डांवर आहे. झाडांवरून मारून रस्ता कापला तर ३०-४० यार्ड वाचतील असं दिसतं. पण त्यासाठी बॉल १७० यार्ड हवेतून जायला हवा, तेही उंच. तुमचे १८० हे घरंगळण्यासकट आहेत. हिशोब तिथेच संपतो.

ड्रायव्हर बाहेरच्या, म्हणजे डाव्या अर्ध्याकडे मारा. तिथून ग्रीन उघडं दिसतं. उरलेले १८५ यार्ड १०० आणि ८५ असे वाटून घ्या. स्लाइस मारणाऱ्यांना हा होल खरं तर अनुकूल आहे. डाव्या कडेवर नेम धरला की बॉल स्वतःच वळणाबरोबर वळतो. नियम बहुतेक ठिकाणी चालतो: वळणाची बाहेरची बाजू जरा लांबची, पण मोकळी.

झाडाखाली गेलातच, तर सगळ्यात रुंद फट शोधा. ती मागच्या बाजूला असली तरी चालेल. बॉल मागच्या पायाजवळ घ्या, सहा नंबर आयर्न, ग्रिप दोन इंच खाली, हात कमरेपर्यंतच न्या आणि तिथेच थांबवा. बॉल जमिनीलगत सरपटत बाहेर येतो. पर्जन्यवृक्षाची किंवा वडाची मुळं वर आलेली असतील आणि बॉल त्यांना टेकला असेल, तर मनगटाचा विचार करा आणि बॉल ‘अनप्लेएबल’ (खेळता न येणारा) म्हणून जाहीर करा. एक फटका दंड, दोन क्लबांच्या लांबीत ड्रॉप. मुळावर आदळलेला क्लब वाकतो, आणि मनगट महिनाभर दुखतं.

पाचवा: पार ४, २७५ यार्ड, आणि बंकर

छोटा होल, त्यामुळे सगळ्यांना तो हक्काचा वाटतो. १६५ ते २०० यार्डांच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, ठेवलेत ते ड्रायव्हरवाल्यांसाठीच. हायब्रिड १५०, बंकरच्या अलीकडे थांबतो. मग सात नंबर १२०, ग्रीनच्या पुढच्या भागात. दोन फटक्यांत ग्रीन मिळायची शक्यता या नऊ होलमध्ये इथेच सगळ्यात जास्त आहे, आणि तीही ड्रायव्हर बॅगेत ठेवून.

ग्रीनलगतही बंकर आहे, म्हणून बंकरचं इथेच सविस्तर सांगायला हवं. फटक्याआधी क्लब वाळूला लावायचा नाही, सरावाचा स्विंग करताना वाळू उडवायची नाही, हाताने वाळू चाचपून बघायची नाही. पण उभं राहताना पाय रोवता येतात, आणि वाळू कशी आहे ते तळपायाला तिथेच कळतं. पाय सहज दोन बोटं आत गेले तर वाळू कोरडी, सैल. करकर वाजून वरच राहिले तर ओली, घट्ट. वाळूत पडलेलं पान किंवा काडी २०१९ पासून उचलता येते, बॉल हलला नाही म्हणजे झालं.

कोरड्या वाळूत सँड वेजचं तोंड उघडा, म्हणजे ते आकाशाकडे जास्त बघेल, आणि त्यानंतर ग्रिप धरा. आधी ग्रिप धरून मग मनगट वळवलं तर फटक्याच्या वेळी तोंड पुन्हा बंद होतं. बॉल डाव्या टाचेच्या रेषेत. क्लब बॉलच्या दोन इंच मागे वाळूत शिरायला हवा आणि पुढे बाहेर यायला हवा. बॉलला क्लब लागतच नाही, वाळूच बॉलला उचलून बाहेर नेते. चूक एकाच ठिकाणी होते: वाळू लागल्यावर हात थांबतात. स्विंग खांद्यापर्यंत पूर्ण करा, बॉल दहा यार्डच जायचा असला तरी.

ओल्या वाळूत हेच केलं तर क्लबचा जाड तळ घट्ट वाळूवर आपटून उडतो आणि बॉलच्या पोटात लागतो. बॉल ग्रीनपार. त्यामुळे जून ते सप्टेंबर तोंड जवळजवळ सरळ ठेवा, एक इंच मागे शिरा आणि स्विंग थोडा लहान करा. बॉल जास्त वेगाने निघतो आणि जास्त घरंगळतो, त्याची जागा धरून ठेवा.

काठ छातीइतका उंच आणि बॉल काठाला टेकलेला असेल तर ग्रीनकडे बघू नका. मागे किंवा बाजूला जिथे काठ सपाट आहे तिथून बाहेर पडा. निघताना वाळूवर रेक (दाताळं) मारून जा. कॅडी (बॅग उचलणारे मदतनीस) मारतात, पण आपणही मारावा. मागच्याचा बॉल तुमच्या पावलाच्या खड्ड्यात पडणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सहावा: पार ३, ११० यार्ड, चढावर

ग्रीन साधारण १० यार्ड उंचावर असेल तर ११० चे १२० धरा. सात नंबर, मध्य. बॉल ग्रीनवर पडताना दिसत नाही, म्हणून आधीचा चौकडा उतरल्याची खात्री करा. बस.

सातवा: पार ४, ४१० यार्ड, इंडेक्स १

पावसाळा सोडला तर मुंबईत सकाळी वारा मंद असतो, बहुधा जमिनीकडून समुद्राकडे. दुपारकडे तो उलटतो आणि पश्चिमेकडून, वायव्येकडून जोर धरतो. दहाच्या आत इथे पोचलात तर हा होल ४१० यार्डांचा आहे. दुपारी, ग्रीन पश्चिमेला असेल तर, तो ४५० सारखा खेळतो.

समोरच्या वाऱ्याचा ढोबळ हिशोब असा: ताशी १० मैलांचा वारा सुमारे दहा टक्के अंतर खातो, आणि पाठीमागून आला तर त्याच्या निम्मंच परत देतो. म्हणून वाऱ्यात जोर वाढवू नका. जोराने बॉलला फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि वारा त्याला तिथेच धरून ठेवतो. एक क्लब जास्त घ्या, ग्रिप इंचभर खाली, बॉल किंचित मागे, फॉलो-थ्रू (बॉल लागल्यानंतरचा स्विंग) आखूड. झाडांच्या शेंड्यांकडे बघा. जमिनीवरच्या गवताची चिमूट उडवून कळतो तो तुमच्या छातीपर्यंतचा वारा, बॉल मात्र शेंड्यांच्या उंचीवर जातो.

समोरच्या वाऱ्यात ड्रायव्हर १६०, हायब्रिड १३५, उरले ११५. तिसऱ्या फटक्याला सात नंबर ग्रीनच्या तोंडाशी, मग चिप, दोन पट, सहा. हँडिकॅप २८ वाल्याचा इथला स्वतःचा पार सहाच आहे. हा होल पार ४ म्हणून खेळायला जाणारे आठ घेऊन येतात.

आठवा: पार ४, ३३० यार्ड, आडवा नाला

नाला टीपासून १७० वर सुरू होतो, १८५ वर संपतो. तुमचा ड्रायव्हर बरोबर त्याच्या मधे पडतो. हायब्रिड १५० घ्या, उरतात १८०: नऊ नंबर, मग वेज. पण एप्रिल-मेमध्ये जमीन दगडासारखी असते आणि हायब्रिडही १६५ पर्यंत घरंगळतो. तेव्हा सात नंबर घेतलं तरी चालेल. नाल्याच्या काठापासून वीस यार्ड मोकळे राहिले पाहिजेत. काठालगत उतार असतो आणि उतारावरून मारलेला पुढचा फटका नाल्यातच जातो.

पावसाळ्यात या होलवर नियमांनी मदत होते, ती घ्यायला शिका. फेअरवेवर तात्पुरतं पाणी साचलं आहे, उभं राहिलात आणि बुटाभोवती पाणी वर आलं, तर फुकट ड्रॉप: पाण्यातून पूर्ण सुटका देणारी सगळ्यात जवळची जागा, तिथून एक क्लबाची लांबी, होलजवळ न जाता. बॉल स्वतःच्या आघाताने चिखलात रुतला असेल तर तोही फुकट काढता येतो, बंकर आणि खांबांनी आखलेलं पाणी सोडून. शिवाय बहुतेक क्लब या महिन्यांत फेअरवेवर बॉल उचलून, पुसून, ठरलेल्या अंतरात ठेवायची मुभा देतात. उचलण्याआधी जागेवर खूण करा.

वीज चमकली किंवा क्लबचा भोंगा वाजला की फटका अर्धवट सोडून आत या. झाडाखाली थांबू नका, छत्री मिटा.

कावळ्याने किंवा घारीने बॉल उचलून नेला आणि ते कुणी पाहिलं असेल, तर दंड नाही. मूळ जागेच्या अंदाजाने दुसरा बॉल ठेवा.

नववा: पार ५, ४७० यार्ड, आणि ग्रीन

१८०, १५०, ८०, ६०. ग्रीन आलं. ग्रीनवर चढताना आधी आपल्या बॉलने पडलेला खड्डा बुजवा: फोर्क कडेला खुपसून कडा मधल्या दिशेने ढकला, मग पटरने थोपटा. खालून वर उचकटलं तर मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग पडतो.

आता कॅडी. चांगला कॅडी हा नवख्याला मिळालेला सगळ्यात मोठा आधार आहे. त्याने हा उतार हजारदा पाहिलेला असतो. पण प्रश्न नेमका विचारावा लागतो.

“काका, कशी आहे लाइन?”

“डावीकडं दोन कप, साहेब. स्लो आहे, पोचवा.”

“दोन कप म्हणजे कडेपासून?”

“हो, होलाच्या डाव्या कडेपासून बाहेर दोन.”

एक कप म्हणजे होलचा व्यास, १०८ मिलिमीटर. मध्यापासून धरायचं की कडेपासून, यात अर्ध्या कपाचा फरक पडतो. म्हणून तो शेवटचा प्रश्न विचारायचाच. फेअरवेवरही असंच: ‘किती आहे?’ एवढंच न विचारता ‘पुढे कमी पडला तर काय आहे, उजवीकडे गेला तर काय आहे?’ असं विचारा. उत्तरात बंकर, उतार, खांब सगळं येतं.

मुंबईकडच्या ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत सर्रास असतं, आणि या गवताची पाती एका दिशेने आडवी होतात. बॉलच्या मागे उभं राहून बघा. गवत चकचकीत दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली आहेत, बॉल वेगाने जाईल. काळपट, मंद दिसलं तर पाती तुमच्याकडे आहेत, बॉल अडेल. अजून एक खूण होलजवळ मिळते. वाकून होलची कड बघा. एक बाजू सुरीने कापल्यासारखी स्वच्छ, दुसरी चघळल्यासारखी झिजलेली असते. पाती झिजलेल्या बाजूकडे झुकलेली असतात आणि बॉल होलजवळ मंद होताना तिकडेच ओढला जातो. चिप करतानाही हे बघा: पाती तुमच्याकडे असतील तर वेजची धार अडकते. तिथे आठ नंबर घेऊन पटसारखा स्ट्रोक करा.

सकाळी लवकर ग्रीनवर दव असतं. बॉल दव पुसत जातो आणि मागे काळी रेघ सोडतो. आधी पट मारलेल्या सोबत्याची रेघ कुठे वळली, किती वळली, हे उन्हं वर येईपर्यंत स्पष्ट दिसतं. अशा ग्रीनवर पट जरा जोराने मारावा लागतो.

तीन पट पडतात ते बहुतेक वेळा दिशा चुकल्याने नाही, अंतर चुकल्याने. पहिला पट लांबचा असेल तर होलभोवती एक मीटरचं रिंगण कल्पून त्यात बॉल थांबवा. अंतर पावलांनी मोजा. सराव ग्रीनवर फेरीआधी दहा मिनिटं ५, १० आणि १५ पावलांवरून मारा, होल न बघता, फक्त बॉल किती पळतो ते बघायला. उतारावरचं ग्रीन असेल तर होलच्या खालच्या बाजूला राहा. वरून खाली येणारा एक मीटरचा पट खालून वर जाणाऱ्या दोन मीटरच्या पटापेक्षा अवघड असतो. झेंडा होलमध्ये ठेवून पट मारला तरी आता दंड नाही. लांबून मारताना ठेवा, नजरेला खूण मिळते.

बॉल होलात गेला की झेंडा लावा आणि ग्रीनवरून उतरा. आकडा पुढच्या टीवर जाऊन लिहा. आकड्याशेजारी तीन बारीक खुणा करा: दंड किती, पट किती, आणि टीवरचा बॉल खेळात राहिला का. पाच फेऱ्यांची कार्डं शेजारी ठेवली की फटके नेमके कुठे गळतात ते दिसतं, आणि पुढच्या आठवड्यात रेंजवर कोणता क्लब काढायचा तेही ठरतं.

फेरी संपल्यावर क्लबच्या खाचांतला चिखल ओल्या ब्रशने काढा. खाचा भरलेल्या असल्या की बॉलला फिरकी मिळत नाही आणि तो ग्रीनवर थांबत नाही. घामाने भिजलेलं ग्लव्ह बॅगेत कोंबू नका. मुंबईच्या दमट हवेत ते दोन दिवसांत कडक होतं आणि बुरशी धरतं. बोटं सरळ करून सावलीत, पंख्याखाली वाळत घाला.